देवांचा जमाखर्च

राज्य बुडाले म्हणजे त्याच्या राजाचे काय झाले हे बखरकार सांगतात आणि खजिन्याचे काय झाले हे लुटारूंना ठाऊक असते. परंतु त्या राज्याने ज्यांच्या नावे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी तोडून दिल्या, ज्यांच्या वेदीपुढे बैल कापले आणि तेला-मधाचे घडे रिते केले, त्या देवांचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भाविकाला तो अप्रशस्त वाटतो आणि नास्तिकाला निरर्थक. त्याला चिकटूनच दुसराही एक प्रश्न येतो आणि तो अधिक अडचणीचा आहे: जे राज्य आपल्या देवांची सेवा बिनचूक करते, त्याचे रक्षण ते देव संकटकाळी करतात काय? धर्म राखणाऱ्याला धर्म राखतो ही निष्ठा काही केवळ आपल्या स्मृतिकारांची नव्हे; बहुतेक सर्व राजसत्तांनी ती कोणत्या ना कोणत्या रूपात बाळगली आणि तिच्या भरवशावर देवस्थानांना सनदा दिल्या. या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचा तर ग्रीसच्या अगदी आरंभीच्या संस्कृतींइतके, म्हणजे सॉक्रेटिस-प्लेटोंच्या अथेन्सपूर्वी हजार-दीड हजार वर्षे क्रीट बेटावर आणि पेलोपनीसच्या डोंगराळ मुलखात नांदून गेलेल्या संस्कृतींइतके, सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही. कारण तेथे एका विलक्षण अपघाताने देवांच्या हिशेबाची अगदी अखेरच्या सालची वही आपल्या हाती लागलेली आहे.

आरंभ क्रीटपासून करावयास हवा. १९०० सालच्या मार्चमध्ये आर्थर एव्हान्स याने क्नोसॉसच्या टेकाडावर कुदळ घातली. त्यापूर्वी बावीस वर्षे मिनॉस कालोकेरिनॉस या तेथल्याच एका रहिवाशाने त्याच टेकाडातून धान्या-तेलाचे प्रचंड रांजण उकरून काढले होते, पण कीर्ती एव्हान्सच्या वाट्याला गेली. इ. स. पू. १९०० च्या सुमारास उभे राहिलेले, १७०० च्या सुमारास कोसळलेले आणि मग पूर्वीपेक्षा अधिक दिमाखाने पुन्हा बांधलेले हे वाडे क्नोसॉस, फेस्टॉस, मालिया येथे अवशेषरूपाने आजही पाहावयास मिळतात. हातांत साप धरलेली देवी, बैलाच्या शिंगांवरून उडी घेणारे तरुण, डोंगरमाथ्यांवरील ठाणी आणि गुहांतील नवस यांनी त्या लोकांचे धर्मजीवन भरलेले दिसते. परंतु त्यांची लिपी अद्याप वाचता आलेली नाही, त्यामुळे त्यांच्या देवतांची चित्रे आपल्यापाशी आहेत आणि नावे नाहीत. नाव नसलेल्या देवतेविषयी विद्वान मंडळी जितके लिहितात तितके नाव असलेल्या देवतेविषयी लिहीत नाहीत, हाही एक मौजेचा भाग आहे.

या अनामिक धर्मातील एक प्रसंग मात्र जवळून पाहण्याजोगा आहे. क्नोसॉसच्या दक्षिणेस युक्तास नावाचा पर्वत आहे. त्याच्या उत्तर उतारावर आनेमोस्पीलिया येथे १९७९ साली यानिस आणि एफी साकेलाराकिस या दांपत्याने एक लहानसे देवालय खणून काढले. इ. स. पू. १७०० च्या सुमाराच्या भूकंपात ते कोसळून जळाले होते आणि त्याच्या ढिगाऱ्याखाली चार माणसे सापडली. एक जण हातातील भांड्यासह पडला होता. आतल्या दालनात एका बुटक्या ओट्यावर अठरा-एक वर्षांचा तरुण, हातपाय बांधल्यासारखा मुडपलेला. त्याच्या अंगावर काशाचे लांब पाते. आणि जवळच एक पुरुष व एक स्त्री. उत्खनन करणाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की धरणीचे हादरे सुरू झाले होते, ते शांत व्हावेत म्हणून या तरुणाचा बळी देण्यात आला, आणि तो विधी चालू असतानाच अखेरचा धक्का बसून छत खाली आले. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही. पण तो खरा धरला, तर देवाला सर्वांत मोलाची वस्तू अर्पण करण्याचा आणि देवालय कोसळण्याचा क्षण जवळजवळ एकच ठरतो. आणि भक्तीच्या फलश्रुतीविषयी याहून कठोर पुरावा कल्पिणे कठीण आहे.

क्रीटचा शेवट थीरा बेटावरील ज्वालामुखीने केला असे बराच काळ मानले जाई. तो स्फोट प्रचंड होता यात संशय नाही. परंतु त्यानंतरही काही पिढ्या क्रीटचे वाडे नांदत होते आणि १४५० च्या सुमारास त्यांपैकी बहुतेक जाळले ते माणसांनी. पूर्व किनाऱ्यावरील पालेकास्ट्रो येथे हस्तिदंत व सोने यांची, सुमारे हातभर उंचीची एका तरुण देवाची मूर्ती सापडली आहे. ती इतक्या त्वेषाने आपटून फोडलेली होती, की तिचे तुकडे देवघराच्या आत-बाहेर विखुरलेले मिळाले. ज्वालामुखी देवालये बुजवितो. मूर्ती फोडावयास माणूसच लागतो. त्यानंतर क्नोसॉसच्या गादीवर ग्रीक भाषा बोलणारे राज्यकर्ते आलेले दिसतात.

हे राज्यकर्ते मायसीनीच्या परंपरेतील. १८७६ साली हाइन्रिख श्लीमान याने मायसीनीच्या सिंहद्वाराच्या आत खोल खड्ड्यांतील थडगी उघडली आणि सोन्याचे मुखवटे घातलेली प्रेते जगापुढे आणली. हे लोक लढवय्ये खरे, पण क्रीटकडून त्यांनी चित्रकला घेतली, मुद्रा घेतल्या आणि मुख्य म्हणजे लिहिण्याची विद्या घेऊन ती आपल्या भाषेला बसविली. मायसीनी, टिरिन्स, थीब्ज, पायलॉस अशी त्यांची राजधानीची ठाणी होती आणि प्रत्येक ठाण्यात कारकून मंडळी ओल्या मातीच्या पाट्यांवर हिशेब टिपत बसलेली असत. ती लिपी मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने १९५२ साली उलगडली आणि भाषाशास्त्रज्ञ जॉन चॅडविक याच्या साहाय्याने तिचे ग्रीकत्व सिद्ध केले. ट्रॉयच्या वीरांच्या समकालीनांचा शब्द आता ऐकू येणार म्हणून जे होमरभक्त कान टवकारून बसले होते त्यांची मात्र निराशा झाली. पाट्यांवर काव्य नव्हते, स्तोत्र नव्हते, एक साधे पत्रही नव्हते. मेंढ्या, लोकर, गहू, अंजीर, रथांची चाके, दासींची मुले, सुगंधी तेल यांची मोजदाद आणि येणेबाकी, एवढेच त्यांवर होते. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून ज्याने कधी एखादी कमावीसदाराची झडती वाचली असेल, त्याला या पाट्या वाचताना परके वाटणार नाही.

या पाट्या भाजलेल्या नसत. साल संपले की त्या मोडून मातीचा पुन्हा गोळा करीत, असे दिसते. कारण त्यांत ‘यंदा’ आणि ‘गुदस्ता’ यांपलीकडचा काळ येत नाही. वाड्याला आग लागली तेव्हाच त्या भाजून पक्क्या झाल्या. म्हणजे जो अग्नी राज्य खाऊन गेला त्यानेच त्याचे दप्तर राखले. १९३९ च्या एप्रिलमध्ये कार्ल ब्लेगन याने पायलॉसच्या टेकडीवर पहिल्याच दिवशी जो चर खणला तो नेमका दप्तरखान्यातून गेला, आणि इ. स. पू. १२०० नंतर थोड्याच काळात जळालेल्या त्या वाड्याच्या शेवटच्या सालचा कारभार मनुष्याच्या नजरेस पडला.

या कारभारात देव हे एक खाते आहे. पोसायडन, झ्यूस, हेरा, हर्मीस ही पुढे होमरच्या काव्यात ऑलिंपसवर विराजमान झालेली मंडळी येथे तेलाच्या, गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या आकड्यांपुढे निमूटपणे उभी आहेत. क्नोसॉसच्या एका पाटीवर, आम्निसॉस बंदराच्या नोंदीखाली, प्रसूतीची देवता एलिथिया हिच्या नावे मधाची एक घागर खर्ची पडली आहे आणि तेथेच ‘सर्व देवांना’ मिळून एक घागर. एकट्या सुइणीच्या देवतेला जेवढा मध, तेवढाच उरलेल्या साऱ्या देवमंडळाला, हे कारकुनाच्या हिशेबात बसले. एखाद्या तत्त्वज्ञाला ते बसविता आले नसते.

पायलॉसच्या पाट्यांत एका पुजारणीचा वाद आला आहे. तिचे नाव एरिथा. पाकियाने नावाच्या देवस्थानी मुलखात तिच्याकडे जमीन होती. तिचे म्हणणे असे, की ही जमीन मी देवीच्या वतीने खास हक्काने, आपल्या भाषेत बोलायचे तर इनामाने, धारण करते. गावकीचे म्हणणे असे, की तसे काही नाही, इतरांप्रमाणे तीही खंडाचीच जमीन वाहते आहे. कारकुनाने दोन्ही कैफियती एकाखाली एक लिहिल्या, जमिनीचे माप गव्हाच्या परिमाणात मांडले आणि लेखणी उचलली. निवाडा लिहिलेला नाही. त्याच पाटीवर कार्पाथिया नावाच्या, देवस्थानाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईविषयी शेरा आहे, की दोन शेतांपायी तिने जी सेवा करावयाची ती ती करीत नाही. तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा हा कामचुकारपणाचा शेरा वाचताना हसू येते. पण त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. देवीच्या नावाने दावा सांगणाऱ्या पुजारणीला ‘नाही’ म्हणण्याची गावकीची छाती होती, आणि राजाचे दप्तर त्या नकाराची नोंद घेत होते. देवाचा हक्क हा येथे वादाचा विषय होऊ शकतो. तो हक्क किती आणि कोणत्या प्रकारचा, हे देव सांगत नाही, दप्तर सांगते.

आता त्या अखेरच्या मोसमाकडे वळू. पायलॉसच्या वाड्याला त्या काळी तटबंदी नव्हती. पाट्यांत वल्हेकऱ्यांच्या याद्या आहेत. किनाऱ्याची राखण करणाऱ्या टेहळ्यांच्या तुकड्यांची यादी आहे, आणि दीडशे किलोमीटरांच्या आसपास भरणाऱ्या त्या किनाऱ्यावर सारे मिळून सुमारे ८०० माणसे नेमलेली दिसतात. सोळा परगण्यांच्या अंमलदारांकडून भाल्या-बाणांच्या टोकांसाठी कांसे गोळा करण्याचा हुकूम आहे, आणि हे कांसे देवळांतले होते असे चॅडविकप्रभृती विद्वान मानतात. देवाची भांडी वितळवून शस्त्रे करण्याची वेळ आली होती असा त्याचा अर्थ होतो. दुसरीकडे, त्याच दप्तरातील एका पाटीवर निरनिराळ्या देवदेवतांना सोन्याची तेरा पात्रे आणि दहा माणसे पाठविल्याचे नमूद आहे: देवींना स्त्रिया, झ्यूस आणि हर्मीस यांना एकेक पुरुष. ही माणसे बळी म्हणून गेली, की देवस्थानाचे सेवक म्हणून, की केवळ पात्रे वाहून नेण्यासाठी, यावर विद्वानांत एकमत नाही. पाटी मात्र घाईघाईने लिहिलेली, खोडलेली, कडेला ‘पायलॉस’ हे नाव ठळक अक्षरांत घालून पुढच्या ओळी कोऱ्याच सोडलेली अशी आहे. एरवी इतक्या नेटक्या हाताने लिहिणाऱ्या कचेरीतील हा कागद, म्हणजे ही माती, पाहिली की काहीतरी बिनसले होते एवढे उघड दिसते.

आणखी एक तपशील आहे, आणि तो मला या साऱ्या पाट्यांहून बोलका वाटतो. दप्तरखान्याच्या जमिनीवर ब्लेगनला जळलेली हाडे मिळाली होती. ती अनेक वर्षे खोक्यांत पडून राहिली आणि पुढे तपासली गेली तेव्हा असे आढळले, की ती दहा-एक गुरांची, ठराविक अवयवांची, मांस सोलून विधिपूर्वक भाजलेली हाडे आहेत. होमरने वर्णिलेल्या यज्ञाशी जुळणारा हा प्रकार. त्यांच्याजवळ खेळण्यासारखे लहान लहान पेले ठेवलेले होते. बळी दिला गेला, आणि त्याची साक्ष म्हणून हाडे कचेरीत जमा झाली. हिशेब पुरा करून ती अद्याप बाहेरही टाकली गेली नव्हती, तोच वाडा पेटला. वाड्यातल्याच एका कोठीत मेजवानीचे २,८०० हून अधिक पेले रचलेले होते. तेव्हा देवांच्या सेवेत कसूर झाली म्हणून राज्य गेले असे म्हणण्यास पायलॉसमध्ये जागा नाही. देवांची पावती तयार होती.

पायलॉस एकटेच गेले नाही. अजस्र शिळांच्या तटबंदीचे मायसीनी गेले. वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून डोंगर फोडून शंभराच्या जवळपास पायऱ्यांनी खाली नेलेले त्याचे गुप्त टाके कामी आले नाही. टिरिन्स गेले, थीब्ज गेले. समुद्रापलीकडे हित्ती लोकांचे साम्राज्य मोडले, युगारिट जळाले, आणि इजिप्तच्या तिसऱ्या रामेसीसला समुद्रावरून आलेल्या टोळ्या थोपविताना सारे बळ खर्ची घालावे लागले. कारणांची यादी मोठी आहे: भूकंप, अवर्षण, चाचेगिरी, अंतर्गत बंड, तांब्या-कथलाच्या दूरच्या व्यापाराची कोंडी. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या त्या काळच्या एकाच जहाजात दहा टन तांबे आणि एक टन कथील निघाले. इतक्या लांबच्या धाग्यांवर ज्यांचे भाले अवलंबून, त्यांना एक धागा तुटला तरी पुरे. अलीकडील अभ्यासकांचा कल असा, की सर्व सत्ता आणि सर्व पुरवठा एका वाड्यात एकवटल्यामुळेच एका धक्क्याने सर्व कोसळले. मत सयुक्तिक आहे. पण त्याच्या मागेही एक जुना स्वर मला ऐकू येतो: अति झाले म्हणून गेले. ग्रीक शोकांतिकाकार ज्याला उन्माद म्हणत आणि ज्याच्या मागोमाग शासन येई, त्यालाच आपण आता अतिकेंद्रीकरण म्हणू लागलो आहोत. पतन निर्हेतुक असू शकते ही कल्पना माणसाला, आणि विशेषतः विद्वान माणसाला, सहन होत नाही.

मग देवांनी वचन मोडले काय? येथे सावध राहावयास हवे. जमाखर्चाच्या वहीत प्रार्थना लिहीत नाहीत. वहीत ती नाही म्हणून राजाच्या मनात ती नव्हती असे ठरविणे हा अन्याय होईल. पाट्यांवरून दिसते ते एवढेच, की वाड्याचा आणि देवांचा संबंध देण्या-घेण्याच्या रीतीने चालत होता, आणि देण्याची बाजू चोख होती. घेण्याच्या बाजूला काय अपेक्षित होते, ते मातीवर उमटलेले नाही.

देवांचे पुढे काय झाले, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळसे देता येते, आणि ते सरळ नाही. काही देव वाड्याबरोबर मेले. सोन्याची पात्रे स्वीकारणारी मानासा, झ्यूसचा पुत्र म्हणून नोंदलेला ड्रिमिऑस, पोसायडनची स्त्रीरूप जोडीदारीण पोसिडेया, यांना पुढच्या ग्रीसने ओळखले नाही. पुष्कळसे जगले. त्यांतही विचित्र गोष्ट डायोनायससची. हा देव परदेशातून, उशिरा आला अशी खुद्द ग्रीकांचीच समजूत होती, आणि युरिपिडीझने त्याच्या आगमनावर आपले नाटक रचले. परंतु क्रीटमधील खानिया येथे मिळालेल्या पाटीवर झ्यूसच्या ठाण्यात त्याला मध अर्पण केल्याची नोंद इ. स. पू. तेराव्या शतकातली आहे. घरचाच देव, पण घरच्यांनी त्याला पाहुणा ठरविला.

एलिथियेची मधाची घागर वर सांगितलीच आहे. आम्निसॉसजवळ तिची गुहा आहे. आत निसर्गानेच घडविलेला चुनखडीचा एक स्तंभ आणि त्याभोवती माणसांनी रचलेली बुटकी भिंत. त्या गुहेत नवाश्मयुगापासून रोमन अमलापर्यंतची खापरे मिळतात, आणि ‘ओडिसी’तही तिचा उल्लेख आहे. क्रीटचे वाडे उभे राहण्यापूर्वी ती होती, ते जळाले तेव्हा ती होती, मायसीनीचे सरदार आले आणि गेले तेव्हाही तिला काही झाले नाही. क्नोसॉसच्या खजिन्यातून येणारा मध थांबला एवढाच काय तो तिच्या कारभारातील फरक. बाळंतपण ही गोष्ट राज्यक्रांतीसाठी थांबत नाही. आणि जिच्याकडे अडलेल्या बायका जातात त्या देवतेला सनदेची गरज पडत नाही.

केऑस बेटावर आया इरीनी येथे याहून चमत्कारिक प्रकार घडला. तेथल्या देवालयात इ. स. पू. पंधराव्या शतकात मातीच्या मोठमोठ्या स्त्रीमूर्ती होत्या, काही जवळजवळ पुरुषभर उंचीच्या, पन्नासांवर. देवालय पडले, मूर्ती फुटल्या. इ. स. पू. आठव्या शतकात, म्हणजे सुमारे सातशे वर्षांनी, कोणी तरी त्यांपैकी एक मस्तक मातीतून वर काढले, ते एका गोल बैठकीत बसविले आणि त्याची पूजा आरंभिली. आणि पुढे त्याच जागी डायोनायससला अर्पण केलेली भांडी मिळतात. मस्तक स्त्रीचे, पूजा पुरुषदेवाची. येथे देव टिकला असे म्हणावे की नाही? मूर्ती जुनी, जागा जुनी, नाव वेगळे, आणि भक्तांना मूळ अर्थाचा पत्ता नाही. मला वाटते, पतनानंतर जे उरते ते बहुधा असेच उरते: आधी जागेचा धाक आणि हात जोडण्याची सवय उरते, आणि नाव, कथा, तत्त्वज्ञान ही मागाहून येऊन त्या जागी बसतात.

मधली तीन-चार शतके ग्रीसमध्ये कोणाला लिहिता येत नव्हते. ही शतके अगदीच काळोखी नव्हती. युबोइया बेटावर लेफ्कांडी येथे ९५० च्या सुमाराची, सुमारे ५० मीटर लांबीची वास्तू सापडली आहे, तीत एका सरदाराच्या अस्थी सायप्रसच्या जुन्या काशाच्या भांड्यात, शेजारी सोन्याने मढलेली स्त्री, आणि चार घोडे. पण वाडा नाही, दप्तर नाही. आणि सर्वांत आश्चर्याची गोष्ट ही, की ग्रीकांनी आपला हा विनाश लक्षातच ठेवला नाही. ट्रॉयचे दहन, म्हणजे दुसऱ्याचे नगर आपण कसे जाळले, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले. पायलॉस कसे जळाले याचे एकही गाणे नाही. होमरच्या काव्यातला पायलॉसचा राजा नेस्टर सुखरूप घरी परतून समुद्रकाठी पोसायडनला बैल अर्पण करीत बसलेला आहे.

विसरलेल्या गोष्टीचा सल मात्र राहिला. इ. स. पू. ७०० च्या सुमारास बिओशियातील आस्क्रा या खेड्यात हेसिअड नावाचा एक शेतकरी-कवी होता. मानवजातीची सोन्यापासून लोखंडापर्यंतची घसरण सांगताना धातूंच्या क्रमात न बसणारे वीरांचे एक युग त्याने मध्येच घातले, कारण ते खरोखर होऊन गेले अशी त्याची खात्री होती. त्याचाही एक जमिनीचा वाद होता. वडिलांची जमीन वाटताना भाऊ पर्सीस याने अधिक लाटली आणि निवाडा करणाऱ्या राजेलोकांनी भेटी घेऊन त्याची बाजू धरली, अशी त्याची फिर्याद. हे राजे म्हणजे कोण? पायलॉसच्या दप्तरात ज्यांची गणना कासारांच्या मुकादमांसारख्या गावपातळीवरील माणसांत होते, त्याच दर्जाचे लोक. वरचा महाराज नाहीसा झाला तेव्हा तेच मालक होऊन बसले होते.

एरिथाच्या वादाशेजारी हा वाद ठेवून पाहावा. पुजारणीचा दावा दप्तरात गेला. हेसिअडला दप्तर नव्हते. त्याच्या वरच्या माणसांच्या वर कोणी माणूस नव्हता. म्हणून त्याने आपली फिर्याद झ्यूसकडे नेली. न्याय ही झ्यूसची कन्या आहे, तिला कोणी ओढून नेले की ती बापाशेजारी बसून गाऱ्हाणे सांगते. आणि धुक्याचे वस्त्र पांघरून पृथ्वीवर हिंडणारे, माणसांच्या निवाड्यांवर नजर ठेवणारे झ्यूसचे तीस हजार अमर राखणदार आहेत, असे तो राजांना बजावतो. पायलॉसच्या राजाकडे किनारा राखण्यास ८०० माणसे होती, आणि त्यांचे डोळे समुद्राकडे लागलेले होते. हेसिअडच्या देवाचे राखणदार आत, न्यायासनाकडे पाहतात.

माझे म्हणणे एवढेच, की ग्रीकांचा न्यायी देव हा त्या विनाशाचे अपत्य आहे. ज्या काळी वाडा होता त्या काळी देव घेणारा होता, आणि वाद तोडणे राजाच्या कचेरीचे काम होते. वाडा जळाला तेव्हा ते काम रिकामे पडले आणि खेड्यातल्या, लुबाडल्या गेलेल्या माणसाने ते देवाच्या गळ्यात घातले. याला आक्षेप घेता येईल. बाबिलोनियात शमश हा सूर्यदेव न्यायाचा अधिष्ठाता होता, आणि तेथे तर राजांची दप्तरे ओसंडून वाहत होती. मग न्यायी देव जन्मण्यास दप्तर जळावेच लागते असे कसे म्हणता येईल? आक्षेप खरा आहे, आणि हेसिअडच्या पुराणकथांत पूर्वेकडचे ऋण आहे हेही खरे. पण शमश आपला न्याय हम्मुराबीच्या हाती सोपवितो. देव, राजा आणि रयत ही साखळी तेथे अखंड आहे. हेसिअडचा झ्यूस राजाच्या हातून न्याय करीत नाही, राजाविरुद्ध करतो. मधली कडी निखळलेली असल्याशिवाय ही कल्पना सुचत नाही, निदान शेतकऱ्याला सुचत नाही.

ही कल्पना त्याला पुरती पटली होती असेही नाही. लबाडालाच अधिक मिळणार असेल तर या माणसांत मी किंवा माझ्या मुलाने न्यायी असण्यात अर्थ नाही, असे तो एका ठिकाणी त्राग्याने बोलून जातो आणि मग, झ्यूस तसे होऊ देणार नाही अशी आशा पुढे जोडतो. श्रद्धा आणि संशय यांना एकाच श्वासात बोलू देणारा ग्रीसमधला हा पहिला माणूस म्हणून मला तो होमरहून अधिक जवळचा वाटतो. त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी मिलेटस नगरीत, जेथे एके काळी क्रीटच्या आणि मग मायसीनीच्या लोकांची वसाहत होती, अॅनॅक्झिमँडर याने फिर्यादीची हीच भाषा साऱ्या विश्वाला लावली: वस्तू उपजतात आणि लयास जातात ते एकमेकींवर केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून, आणि तिची मुदत काळ ठरवितो. त्यात झ्यूसचे नाव उरलेले नाही. कज्जा तेवढा उरला आहे.

दरम्यान लेखनविद्या परत आली होती, फिनिशियन व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या नव्या अक्षरांत. या खेपेस ती कारकुनांच्या हाती पडली नाही. मद्याच्या पेल्यांवरील पद्याच्या ओळी आणि भांड्याच्या धन्याचे नाव, हे तिचे पहिले उपयोग. आणि क्रीटमध्ये, ड्रेरॉस या लहानशा नगरीत, इ. स. पू. ६५० च्या सुमारास लोकांनी अपोलोच्या देवळाच्या भिंतीवर एक कायदा कोरून ठेवला. तो असा: नगराच्या मुख्य अंमलदाराने एकदा अधिकार भोगल्यावर दहा वर्षे तो पुन्हा घेऊ नये, घेतलाच, तर त्याने जे जे निवाडे केले असतील त्यांच्या दुप्पट दंड त्याच्यावर बसेल, तो जन्मभर अधिकारास अपात्र ठरेल आणि त्याने केलेले सर्व रद्द समजले जाईल. शपथ घ्यावयाची ती अंमलदाराने, गावकीच्या कारभाऱ्यांनी आणि नगरातील वीस जणांनी.